आंत्रजीवाणू : चांदे (ता. मुळशी) परिसरातील काम आणि आहार

आंत्रजीवाणू म्हणजे माणसाच्या आतड्यात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, कायम वस्तीला असलेले जीवाणू. प्रौढ शरीरात त्यांची संख्या सुमारे 38 लाख कोटी भरते आणि सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम 200 ग्रॅम. शरीरातल्या पेशींच्या दहापट जीवाणू आपल्या पोटात असतात, हे पूर्वी सर्रास सांगितले जाई. 2016 सालच्या फेरमोजणीत ते टिकले नाही. दोन्हींची संख्या जवळपास सारखीच निघाली. या वस्तीत कोणी राहायचे आणि कोणी हटायचे हे सर्वांत जास्त अन्नावर ठरते. अन्न मात्र बऱ्याच अंशी कामावर ठरते: माणूस दिवसभर कुठे उभा असतो, कधी जेवतो, कोणत्या जनावरांच्या सहवासात असतो, रात्री झोपतो की जागतो. मुळशी तालुक्यातल्या चांदे गावाच्या आधाराने हा संबंध समजून घेणे सोपे जाते. इथे कामही बदलले आणि ताटही बदलले.

चांदे आणि शेजारचे नांदे यांची नावे जोडीनेच घेतली जातात. मुळा नदीच्या खोऱ्यातला हा भाग भाताचा. मुळशीच्या आंबेमोहराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी 1987 साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी हा वाण आला आणि मावळ-मुळशीच्या खाचरांत पसरला. एका बाजूला ही खाचरे, दुसऱ्या बाजूला हिंजवडीचा आयटी पार्क आणि पिरंगुटचे कारखाने. त्यामुळे एकाच घरात कोणी लावणीला जाते, कोणी पाळीत काम करते, कोणी रात्रभर गाडी चालवते.

जुलैतल्या लावणीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पावसात पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे राहून बाया वाकलेल्या असतात, हातात आवणाची मूठ. दुपारी बांधावर बसून खाचराच्या वाहत्या पाण्यात हात खळबळून घ्यायचे आणि फडके सोडायचे. आत नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, कांदा, कधी रानातली कुर्डूची किंवा टाकळ्याची भाजी, जोडीला ताक. या एका जेवणात आंत्रजीवाणूंसाठी किती तऱ्हेचा खुराक आहे, हे कळायला तंतूंकडे पाहावे लागते. माणसाच्या पाचकरसांना बहुतेक तंतू पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात जसेच्या तसे पोचतात आणि तिथले जीवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे हेच मुख्य इंधन. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमच्या आत. हातसडीचा तांदूळ या दोघांच्या मधे येतो. भाकरीच्या जागी पांढरा भात आणि मैदा आला की पोट भरते, पण मोठ्या आतड्यापर्यंत फारसे काही पोचत नाही.

रात्रीचा भात सकाळी ताकात कालवून खाण्याची जुनी रीत या दृष्टीने मोलाची आहे. शिजलेला भात थंड होताना त्यातल्या पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि पचनाला दाद देत नाही. तो जीवाणूंच्या वाट्याला जातो. मात्र भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात विषबाधा करणारे जीवाणू वाढतात, म्हणून तो लवकर निववून झाकून थंड जागी ठेवायला हवा.

भारतीयांच्या आतड्यांचा पद्धतशीर अभ्यास ज्या ठिकाणी सुरुवातीला झाला, त्यांत चांद्यापासून जवळच्याच पुण्यातली संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने हे काम उभे केले. 2012 साली या गटाने एकाच छताखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या तीन पिढ्यांचे आंत्रजीवाणू तपासले; ताट सारखे असूनही वयाप्रमाणे फरक दिसला. 2016 च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या गटांचे प्रमाण ठळक असल्याचे आढळले. प्रेव्होटेला हा धान्य आणि तंतू भरपूर खाणाऱ्यांचा सोबती. 2010 साली बुर्किना फासोमधल्या बूलपॉन गावच्या मुलांची फ्लॉरेन्समधल्या मुलांशी तुलना झाली, तेव्हा बाजरी-ज्वारी आणि भाज्यांवर वाढलेल्या गावच्या मुलांत तो विपुल होता आणि शहरी मुलांत जवळपास दिसलाच नाही.

कामाचा वाटा वेगळा काढून दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण टांझानियातल्या हाडझा लोकांचे आहे. 2014 सालच्या अभ्यासात तिथल्या स्त्रियांचे आणि पुरुषांचे आंत्रजीवाणू वेगळे निघाले. वस्ती एकच, रान एकच. पण पुरुष शिकार आणि मध शोधत फिरतात, तर स्त्रिया कंदमुळे खणतात आणि खातातही जास्त. संशोधकांनी हा फरक कामाच्या वाटणीशी जोडला. लावणीच्या बाईची आणि तिच्या रात्रपाळीवाल्या मुलाची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे. दोघे एकाच घरचे असले तरी त्यांचे जेवण एक नसते.

रात्रपाळीचा प्रश्न निव्वळ वडापाव आणि चहाचा नाही. आंत्रजीवाणूंनाही दिवस-रात्रीची लय असते आणि ती बरीचशी आपल्या जेवणाच्या वेळांवर चालते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2014 साली दाखवले, की उंदरांची झोपेची आणि खाण्याची वेळ विस्कटली की त्यांच्या जीवाणूंची लयही मोडते. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसांचे, वेळेचे गणित बिघडलेले असतानाचे जीवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तेव्हा त्या उंदरांचे वजन आणि रक्तातली साखर वाढली. हिंजवडीच्या रस्त्यावर पहाटे तीनला गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून खाणाऱ्या चालकाचे शरीर आठवड्यातून काही दिवस असाच प्रवास करत असते, जागचे न हलता.

जनावरांचा सहवास दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. गोठ्यातले शेण-मूत, खाचरातली माती, राबाची राख यांतून रोज असंख्य जीवाणू पोटात जातात. त्यांतले फारसे तिथे ठाण मांडत नाहीत, पण लहान मुलांची प्रतिकारशक्ती घडताना हा परिचय उपयोगी पडतो. याच वाटेने जंत आणि जुलाबाचे रोगही येतात, म्हणून स्वच्छ पाणी आणि संडास यांना पर्याय नाही. प्रतिजैविके वापरणाऱ्या शेडांचा धोका आणखी वेगळा. चीनमध्ये पशुवैद्यकाचे विद्यार्थी तीन महिने वराहपालन केंद्रांत कामाला राहिले, तेव्हा त्यांचे आंत्रजीवाणू तिथल्या कामगारांसारखे होऊ लागले आणि प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकेही वाढली; परत आल्यावर हा बदल अंशतः ओसरला. कोंबड्यांच्या शेडमध्ये राबणाऱ्यांसाठीही ही गोष्ट महत्त्वाची आहे. भारताने जुलै 2019 मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

आंत्रजीवाणूंकडून सगळेच मिळते असे समजू नये. ते ब-12 जीवनसत्त्व तयार करतात, पण मोठ्या आतड्यात. ते शोषले जाते त्याआधी, लहान आतड्याच्या शेवटी; म्हणून जीवाणूंनी केलेले ब-12 आपल्या फारसे उपयोगी पडत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या, चित्तरंजन याज्ञिक यांच्या माता-पोषण अभ्यासात गरोदर बायांमध्ये ब-12 ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली.

बदल किती झपाट्याने होतो? 2015 साली ग्रामीण दक्षिण आफ्रिकन आणि आफ्रिकी-अमेरिकन अशा 20-20 जणांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. तेवढ्यात तंतूंवर आलेल्या अमेरिकनांत ब्युटिरेटची निर्मिती दुपटीहून अधिक झाली, तर दुसऱ्या गटात ती खाली आली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मोंग आणि कारेन लोकांत 2018 साली आढळले, की स्थलांतरानंतर काही महिन्यांतच प्रेव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स हा दुसरा गट घेऊ लागतो आणि पुढच्या पिढीत घसरण आणखी वाढते. चांद्याच्या माणसाला त्यासाठी देश ओलांडावा लागला नाही. शहरच त्याच्या बांधापर्यंत आले.

आहार सुधारला की गेलेले सगळे परत येतेच असे नाही. 2016 साली स्टॅनफर्डमध्ये उंदरांना पिढ्यानपिढ्या कमी तंतूंचे अन्न दिले गेले. पहिल्या पिढीत तंतू परत दिल्यावर बरेचसे जीवाणू परतले. चौथ्या पिढीपर्यंत कित्येक प्रकार कायमचे गेले होते आणि नुसत्या आहाराने ते आले नाहीत. बाहेरून जीवाणू सोडावे लागले. चांद्यात भाकरी थापणारी आजी आणि डब्यात मैद्याचे पदार्थ नेणारी नात अजून एकाच घरात राहतात.