उन्हाळ्याचे मस्टर

माझा जन्म १९५६ चा. ज्या वर्षी बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले त्याच वर्षीचा. त्यामुळे माझे वय सांगताना आमच्या घरी कुणाला बोटे मोजावी लागत नसत. निजामाच्या राज्यातल्या बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्याच्या वाट्याला आले. आमचे खटकचिंचोळी भालकी तालुक्यातले, म्हणून वडील म्हैसूरचे झाले. आईचे माहेर उदगीरकडचे, म्हणून मामा १९६० साली महाराष्ट्राचे झाले. आईला मात्र ही रेघ शेवटपर्यंत कळली नाही. ती भालकीला आगगाडीत बसायची आणि उदगीरला उतरायची. मधे कुणी तिला तिचे राज्य विचारले नाही.

मला ती रेघ कळली १९७३ च्या उन्हाळ्यात.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त माझ्या वाट्याला आलेले सांगतो. एसएसएलसीची परीक्षा देऊन मी घरी बसलो होतो. आमच्या बाजूलाही दुष्काळ होता आणि रस्त्याचे एक काम निघालेही होते. पण मंजुरी संपली आणि काम थांबले. पुन्हा कधी निघेल हे कुणालाच सांगता येईना. अशात मामांचे पत्र आले. मामा कमी लिहीत आणि बोलतात तसेच लिहीत : "उन्हाळाभर घरी बसून काय करलालास? इकडं तळ्याचं काम चालू हाय. ये."

मी गेलो. पाझर तलावाचे काम होते. शेकडो माणसे एका माळावर. त्यांत निम्म्याहून अधिक बाया. पुरुषांनी कुदळीने खणायचे, बायांनी पाट्या वाहायच्या. मुकादम बाभळीखाली हजेरीपट मांडून बसलेला. त्याने माझे गाव विचारले आणि मी खरे ते सांगून टाकले. त्याची लेखणी थांबली. "हा तर म्हैसूरचा." मामा म्हणाले, "माझ्या बहिणीचा लेक हाय. त्याला काय दोन पोटं हायत का?" मुकादमाने थोडा विचार केला आणि माझ्या नावापुढे मामांचे गाव लिहिले. सहा आठवडे मी महाराष्ट्राचा होतो. पगार दोन आठवडे उशिरा मिळाला, पण मिळाला. त्याच पैशात माझे कॉलेजचे पहिले वर्ष सुरू झाले.

त्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, हे पुढे फार वर्षांनी वाचनात आले. मला पडलेला प्रश्न मात्र साधा होता. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला नव्हता. मग इकडचे काम थांबले आणि तिकडचे चालू राहिले, ते कशामुळे? तिकडचे अधिकारी अधिक दयाळू होते, असे माझ्या पाहण्यात नव्हते.

याचे उत्तर शोधता शोधता मी वि. स. पागे यांच्यापर्यंत पोचलो. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे हे गृहस्थ १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे, ही कल्पना त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्याच तासगाव भागात करून पाहिली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली आणि १९७२ साली रोजगार हमी योजना जाहीर झाली. ती उभी राहते न राहते तोच दुष्काळ आला. तेव्हा ती तात्पुरती बाजूला ठेवून मोठ्या प्रमाणावर टंचाईची कामे काढण्यात आली. म्हणजे मी ज्या तळ्यावर पाट्या वाहिल्या ते नेमके बोलायचे तर हमीचे काम नव्हते. परंतु मागेल त्याला काम द्यायचे, हा विचार त्या राज्यात तोवर रुजला होता.

जुन्या फॅमिन कोडची रीत उलटी होती. आधी सरकारने दुष्काळ जाहीर करायचा, मग काम निघायचे. जाहीर न झालेल्या दुष्काळात माणसाने काय करावे, याचे उत्तर त्या कोडात नव्हते. पागे यांनी ही सुरुवात सरकारच्या हातून काढून मजुराच्या हाती दिली. ५० मजुरांनी मागणी केली की काम उघडायचे. मागणीपासून १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता द्यायचा.

पण मागणीला ओ देण्यासाठी तिजोरीत पैसा लागतो, आणि अर्थसंकल्पातला पैसा मार्च उलटला की नवा होतो. या बाबतीत महाराष्ट्राने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या कमाईवर लहानसा कर. त्या काळी घटनेनेच अशा कराला माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातलेली होती. हा कर रोजगार हमीच्या कामाशी बांधला गेला. विक्रीकर, मोटारवाहन कर, ओलिताची जमीन आणि शहरातल्या इमारती यांवरही अधिभार किंवा कर बसले. आणि या सर्वांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने आपल्याकडून घालावी, असे ठरले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने हा निधी कायद्यात बसवला. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून येई. म्हणजे फोर्टात टेबलाशी बसलेल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले दोन-चार रुपये उदगीरच्या माळावर पाटीभर मातीची मजुरी होऊन उतरत. मुंबईकराने हे का मान्य केले? माणुसकी होतीच, पण केवळ माणुसकीने कर बसत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात गावे रिकामी होऊन शहराच्या फुटपाथवर येऊ लागली होती; ती गावातच थांबली तर शहराच्या सोयीचे होते. मोठ्या बागायतदारालाही रस्ते आणि तळी हवी होती. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात मांडले होते, की गरिबाला सरकारी कामातून किमान उत्पन्न द्यावे आणि त्याचा भार सुस्थितीतल्या माणसांनी उचलावा. त्या मांडणीला महाराष्ट्रात असे नाना हितसंबंधांचे बळ मिळाले. यात मला वावगे काही वाटत नाही. ज्याच्यात चार जणांचा स्वार्थ गुंतलेला असतो ते काम टिकते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हजेरीपटावर न आलेल्या माणसांचीच नव्हे, मेलेल्यांचीही नावे चढत, ही तक्रार सर्वश्रुत आहे. त्याहून गंभीर गोष्ट १९८८ नंतर घडली. त्या वर्षी मे महिन्यात किमान वेतन दुपटीने वाढले, आणि त्यानंतर कामावरची उपस्थिती उतरत गेली. मजुरांना काम नको होते असे नाही. कामेच कमी उघडली गेली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. कर मात्र थांबला नाही. १९८८ साली घटनादुरुस्ती होऊन त्याची मर्यादा २५०० रुपयांपर्यंत गेली. नव्वदच्या दशकात कामाच्या नावाने जमा होणारी रक्कम कामावर होणाऱ्या खर्चाच्या पुढे गेली. निधी कायद्याने बांधलेला असला तरी तो तिजोरीबाहेर काढणारा हात शेवटी सरकारचाच असतो. मागणी करणारे पन्नास जण गप्प बसले की तो हात खिशातच राहतो. १९७३ साली मामांच्या गावचे मजूर दर आठवड्याला तहसीलवर मोर्चा नेत. तेव्हा मला तो गोंगाट वाटे.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतणीने मला सांगितले, की न्यूयॉर्क शहरात शाळकरी मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत पगारी काम मिळते. हा कार्यक्रम १९६३ पासूनचा. मला आधी हेवा वाटला. मग कळले की अर्ज इतके येतात की सोडत काढावी लागते. शिवाय उन्हाळी कामांसाठी केंद्र सरकारचा जो वेगळा निधी होता तो १९९८ च्या एका कायद्याने बंद झाला. तेव्हापासून शहराला आणि राज्याला दरवर्षी नव्याने पैसा शोधावा लागतो. जूनमध्ये मुलाला काम लागणार की नाही, हे अर्थसंकल्पाच्या घासाघिशीवर ठरते. इतक्या श्रीमंत शहरातही आमच्या गावच्या रस्त्यासारखीच मंजुरीची वाट पाहावी लागते म्हणायची.

आमच्या बाजूला हमी आली ती दिल्लीहून. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला, आणि २००६ च्या फेब्रुवारीत पहिल्या २०० जिल्ह्यांत आमचा बिदर आणि तेव्हाचा गुलबर्गा हे दोन्ही होते. महाराष्ट्रात काम मागायला १९७९ पासून कायद्याचा आधार होता. रेघेच्या अलीकडे तो यायला २७ वर्षे लागली. अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्राचा असल्याने राज्यांना आपला स्रोत शोधण्याची निकड राहिली नाही. कर्नाटकातही १९७६ पासून व्यवसाय कर आहे, पण तो अशा कुठल्या एका कामाला बांधलेला नाही.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने तो कायदा मोडून नवा केला. दिवस १२५ झाले. परंतु बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. केंद्र प्रत्येक राज्याची रक्कम आधीच ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. म्हणजे बेंगळुरू आणि मुंबई दोघांपुढेही पागे यांच्या काळचा प्रश्न पुन्हा आला आहे : पैसा कुठल्या खिशातून, आणि दरवर्षी येईल याची हमी कोण देणार?

शिकलेल्या मुलांचे तर आणखी निराळेच. कर्नाटकाने २०२४ च्या जानेवारीपासून युवा निधी सुरू केला : पदवीधर बेकाराला महिना ३००० रुपये, दोन वर्षे. त्याच वर्षी महाराष्ट्राने कार्यप्रशिक्षण योजना काढली. तिची सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर नेली. दोन्हींत मुलांच्या हाती पैसे पडले, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण मुदत संपल्यावर काय, हे विचारायला ती मुले कुठल्या कायद्याचे कलम दाखवणार? आमच्या गल्लीतली पोरे एप्रिल लागला की हैदराबाद, नाहीतर पुणे गाठतात.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या नातवाचा गेल्या फेब्रुवारीत फोन आला. दर महिन्याला पगारातून २०० रुपये कापतात, या वेळी ३०० कापले. कंपनीची चूक असावी, असे तो म्हणत होता. मी म्हटले, चूक नाही रे. बारा महिन्यांचे मिळून २५०० व्हायला हवेत म्हणून फेब्रुवारीत शंभर जास्त. मग मी त्याला तळ्याची, मुकादमाची, मामांची गोष्ट सांगू लागलो. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "आजोबा, त्या मस्टरवर तुमचं गाव खोटंच राहिलं का मग?"

मी म्हटले, "हो, तसंच राहिलं."

तळे अजून आहे. गाळाने निम्मे भरले आहे, पण चांगला पाऊस झाला तर मामांच्या गावच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी असते.