महाड-पोलादपूरच्या वाचकांसाठी: तीव्र ल्युकेमियाची ओळख

आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आठवतो, आणि भातखाचरांच्या मुलखात ते योग्यच आहे. पण ताप हटत नाही, मूल फिकट पडत चालले आहे, हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, रात्री हाडे ठणकतात. अशा वेळी साधी सीबीसी करायला एक दिवसही लावू नये. या विषयाचे दार त्याच कागदापाशी उघडते.

तीव्र ल्युकेमियात अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी परिपक्व न होता नुसत्याच वाढत राहतात. त्यांच्या गर्दीत तांबड्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र फुगलेला असेलच असे नाही, कधी तो कमीही असतो. निदानाआधी स्टेरॉइड दिले तर चार दिवस बरे वाटते आणि आजार झाकला जातो, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

१९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन मुलांचा हा आजार काही काळ मागे हटवला. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या लेडर्ले प्रयोगशाळेतले. परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी पेशींच्या उपचाराला परवानगी मिळाली. टाटाचे खारघरचे केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

तरीही मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उपचाराचा साधा, लांबलचक भाग. लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षे चालतो, आणि त्यातला मोठा काळ मूल घरीच असते: मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले गेले तर जिवावर बेतते. मूल खेळू लागले म्हणून गोळ्या थांबवल्या तर आजार उलटतो. या काळात ताप आला तर उद्याच्या एसटीची वाट पाहता येत नाही, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. ते काम परळचे नाही. ते महाडच्या डॉक्टरांचे, पोलादपूरच्या परिचारिकेचे आणि वाडीवरच्या आशाताईंचे आहे. त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच हे पुस्तक लिहिले आहे, म्हणून रक्ताची काचपट्टी कशी वाचावी हे पहिल्या प्रकरणात, घरच्या गोळ्या दुसऱ्यात, आणि प्रत्यारोपण अगदी शेवटी आले आहे.