पुसट रेघेचा इतिहास

माझ्याकडे वडिलांचा एक जुना फोटो आहे. मागे चुन्याने रंगवलेली भिंत, पुढे वडील, डोक्यावर पांढरी टोपी. फोटो दुरुस्त करणाऱ्या मुलाने एकदा संगणकाला त्यातल्या कडा शोधायला लावल्या. कपाळ आले, दाढी आली, शेरवानीची बटणेसुद्धा आली. टोपी मात्र नाहीशी! तो म्हणाला, ‘‘चाचा, पांढऱ्यावर पांढरं. मशीनला कसं दिसणार?’’

घरी आल्यावर मी या विद्येचा माग काढू लागलो. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. उभे १७६ आणि आडवे १७६ ठिपके. फोटो म्हणजे आता आकड्यांचे कोष्टक झाले. त्यात वस्तूची कड शोधायची कशी? १९६३ साली एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी आपल्या प्रबंधात सोपी युक्ती वापरली. शेजारच्या चार ठिपक्यांची तिरपी वजाबाकी करायची. फरक मोठा आला, तर तिथे कड. १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये आयर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी नऊ ठिपक्यांची चौकट घेतली आणि अगदी लगतच्या शेजाऱ्याला दुप्पट वजन दिले.

पण फरक किती असला म्हणजे कड मानायची? उंबरठा उंच ठेवला तर टोपी जाते. खाली आणला तर भिंतीचे पोपडेही रेघा होऊन येतात. यावर जॉन कॅनी यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तोड सांगितली. आधी चित्र किंचित धूसर करून बारीक कचरा घालवायचा, मग दोन उंबरठे ठेवायचे. वरच्याच्या पलीकडची कड पक्की, खालच्याच्या अलीकडची बाद. मधली पुसट रेघ एखाद्या पक्क्या रेघेला जोडलेली असेल, तरच ठेवायची.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. म्हटले, ‘‘बेटा, वरचा उंबरठा तसाच राहू दे, खालचा जरा उतरव.’’ कपाळाच्या रेघेला धरून टोपीची कड हळूच उमटली. एकटेदुकटे पोपडे बाहेरच राहिले.

आज यंत्रे माणसांनी रेखून दिलेल्या कडा पाहून शिकतात. तरी कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडायचा, याचा पहिला धडा माणसाचाच असतो. म्हणून यंत्राला एखादी गोष्ट दिसली नाही, की मी आधी उंबरठा विचारतो. टोपी तर फोटोत पहिल्यापासून होतीच.