बसऱ्याचा अभ्यासक आणि फ्लॉरेन्सचे चित्रकार

जवळचा खांब मोठा दिसतो, लांबचा लहान. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात. सपाट पृष्ठावर ही खोली भूमितीच्या नियमाने दाखवणे म्हणजे यथार्थदर्शन. त्याचा इतिहास सहसा दोन प्रकारे सांगितला जातो. एका कथेत ग्रीकांनंतर थेट पंधराव्या शतकातले इटालियन येतात, मधली हजार वर्षे कोरी. दुसरी कथा आपल्या मोबाईलवर फिरते : सगळे मुसलमानांनी शोधले, युरोपने चोरले. मला दोन्ही कथा अर्धवट वाटतात.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न-अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, असे युक्लिड व टॉलेमी मानत. इब्न-अल-हैसम यांनी हे उलटवले. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सरळ रेषांत सर्व दिशांना जातो आणि त्यातला काही डोळ्यात येतो. दृष्टीला कारण ठरणाऱ्या रेषांचा एक शंकू बनतो. त्याचा तळ वस्तूवर आणि टोक डोळ्यात.

सुमारे १२०० च्या सुमारास हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. रॉजर बेकन, विटेलो, जॉन पेकहॅम यांनी त्याच्याच आधारे प्रकाशशास्त्र लिहिले. या शास्त्राचे लॅटिन नाव होते ‘पर्स्पेक्तिवा’. चित्रकारांनी पुढे हाच शब्द उचलला. चौदाव्या शतकात ग्रंथाचे इटालियन भाषांतरही झाले.

आता फ्लॉरेन्स. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने तिथल्या बाप्तिस्मागृहाचे चित्र एका फळीवर काढले आणि फळीला भोक पाडले. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरून त्यात चित्राचे प्रतिबिंब बघायचे. डोळा एका जागी पक्का झाला की चित्र खरे वाटे. ती फळी आज उरलेली नाही. १४२७ च्या सुमारास मसाच्चोने सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर ‘त्रैक्य’ रंगवले. सपाट भिंतीत जणू खोल दालन उघडले. १४३५ मध्ये अल्बेर्तीने नियम लिहून काढला : दृष्टिरेषांचा पिरॅमिड मधेच आडवा कापला, तर तो छेद म्हणजेच चित्र.

ब्रुनेलेस्कीने इब्न-अल-हैसम वाचला होता, असा पुरावा नाही. पण त्याच बाप्तिस्मागृहाचे दरवाजे घडवणारा गिबर्ती आपल्या टिपणांत त्यांचे लांबलचक उतारे इटालियन भाषांतरातून उतरवून घेतो. म्हणजे हे ज्ञान फ्लॉरेन्सच्या कारागिराच्या हातापर्यंत पोहोचले होते.

तरीही छेद घेण्याची कल्पना ‘मनाझिर’मध्ये नाही. तो ग्रंथ माणूस कसा पाहतो ते सांगतो, चित्र कसे काढावे ते नाही. आपल्याकडे चित्रेच नव्हती, हे उत्तरही टिकत नाही : १२३७ मध्ये अल-वासितीने हरीरीच्या ‘मकामात’ची माणसे, उंट, बाजार मोठ्या रसाने रंगवले. त्या चित्रांना कथा सांगायची होती. एका जागी उभ्या डोळ्याचा हिशेब त्यांना मांडायचा नव्हता. तो प्रश्न फ्लॉरेन्सने विचारला आणि त्याचे श्रेय फ्लॉरेन्सचेच.

चोरीची भाषा म्हणूनच मला खटकते. इब्न-अल-हैसम यांनी ग्रीकांकडून भूमिती घेतली, भाषांतरांतून घेतली, आणि तिच्यात आपली भर घातली. फ्लॉरेन्सने त्यांच्याशी तेच केले. पूर्वजांचे नाव शाळेच्या पुस्तकात यावे, ही मागणी रास्त आहे. पण नुसत्या नावाने काम भागत नाही. त्यांनी टॉलेमीच्या चुका दाखवणारा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. थोरांचे लिखाण तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असे मानणारा हा माणूस. आज आपली मुले त्यांचे नाव घेतात. ती प्रयोगशाळेत जाऊन असे प्रश्न विचारतात का, याची मला जास्त काळजी वाटते.