मुठीच्या मापाची दांडी

वाद्य हाताच्या मापाचं असावं की हात वाद्याच्या मापाचा करावा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मिरजेचा कारागीर तानपुरा करायला घेतो तेव्हा आधी विचारतो, गाणारा पुरुष आहे की बाई? कारण पुरुषांचा तानपुरा मोठा, बायकांचा लहान, आणि दांडीचं मापही त्याप्रमाणे. गिटारचं मात्र तसं नाही. ती कारखान्यात ठरलेल्या मापाने तयार होते आणि आपण आपला हात तिला सवयीने जुळवून घेतो. बहुतेकांचं जमून जातं. ज्यांचं जमत नाही त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न मला पडला तो माझ्या थोरल्या भावामुळे.

दादा सत्तरच्या दशकात डोंबिवलीतल्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. तो काळच तसा होता. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा' आला आणि भूपिंदर सिंग यांच्या गिटारने गल्लोगल्लीच्या पोरांना वेड लावलं. गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराई ही ऑर्केस्ट्राची कमाई; उरलेलं वर्ष नोकरी. दादाची नोकरी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, प्रेस मशीनवर. १९७९ साली त्या मशीनखाली त्याचा डावा अंगठा सापडला. अंगठा वाचला, पण मधला सांधा कायमचा आखडला. गिटार कपाटावर गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गिटारच्या लांब दांडीला वाजवणारे 'नेक' म्हणतात, म्हणजे मान. डाव्या हाताची चार बोटं तिच्या पुढच्या बाजूला तारा दाबतात आणि अंगठा मागून आधार देतो. नेक बारीक असेल तर अंगठा आणि बोटं चिमटीसारखी जवळ आणावी लागतात. अंगठा वाकत नसेल तर ही चिमूट बसत नाही, पाच मिनिटांत कळ येते. नेक जाड असेल तर ती तळहातात भरून बसते, अंगठ्याला वाकावं लागत नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी दादाला हे कळलं ते योगायोगानेच. नातवाच्या मित्राची एक जाड दांडीची गिटार त्याने हातात धरली आणि दुखलं नाही म्हणून अर्धा तास धरूनच बसला. मग मला म्हणाला, ''अरे, माझ्या गिटारला अशी दांडी मिळेल का बघ.''

साधं काम वाटलं. पण ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या वाद्यांच्या दुकानांतून फिरल्यावर लक्षात आलं की अख्खी गिटार मिळते, तारा मिळतात, खुंट्या मिळतात, पण सुटी नेक मागितली की समोरचा माणूस आपल्याकडे निरखून बघतो. मागवून घेता येते, पण ती बारीक. पहिल्या पडद्यापाशी वीस-एकवीस मिलिमीटर. दादाला हवी होती पंचवीस, म्हणजे जवळजवळ एक इंच. हा चार-पाच मिलिमीटरचा फरक आला कुठून, हे शोधताना मी बराच मागे गेलो.

मूळ कारण तारांचा ताण. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा मिळून साधारण पंचेचाळीस किलोच्या जोराने दांडीला ओढत असतात, रात्रंदिवस. लाकूड हळूहळू पुढे वाकतं. तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, वाजवायला जड होतात. यावर जुना उपाय एकच होता, दांडी जाड ठेवायची. कोणत्याही तुळईचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वीसची दांडी पंचवीसची केली, म्हणजे जाडी सव्वापट झाली, की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. घराचे वासे उभे का बसवतात, आडवे का नाही, याचंही कारण हेच.

मग अमेरिकेत गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू या कारागिराने दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसवली. टोकाचा नट पिळला की सळई ताणली जाते आणि दांडीला उलट दिशेने वाकवते. १९२३ साली त्याला पेटंट मिळालं. आता ताण लाकडाने एकट्याने सोसायचं कारण उरलं नाही. दांडी बारीक होण्याचा रस्ता तिथे मोकळा झाला.

पुढचं पाऊल टाकलं लिओ फेंडर याने. हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे त्याने गिटारकडे वादकाच्या नजरेने पाहिलं नाही, दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिलं. तोवर नेक सरसाने कायमची चिकटवलेली असे. ती बिघडली की मोठं काम निघे. फेंडरने ती चार स्क्रूंनी जोडली. पडदे झिजले? स्क्रू काढा, नवी नेक लावा. १९५० साली बाजारात आलेल्या त्याच्या अगदी पहिल्या काही गिटारींत ती सळईसुद्धा नव्हती, आणि म्हणूनच त्या दांड्या चांगल्या जाडजूड होत्या. लवकरच त्याने सळई घातली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दांड्या सडपातळ होत गेल्या. १९८०च्या दशकात वेगाने वाजवण्याची चढाओढ लागली, तेव्हा जपानी बनावटीच्या काही गिटारी तर सतरा-अठरा मिलिमीटरवर आल्या. बाजार बहुसंख्यांच्या मागे जातो. जाड दांडी ही हौशी लोकांची मागणी होऊन बसली.

कारखान्यातल्या यंत्राने बोटं घेतलेला गिटारवाला दादा एकटाच नव्हे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तोडली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या आणि 'ब्लॅक सॅबाथ' या वाद्यवृंदातून जगभर नाव केलं. त्याच्याही आधी जँगो राइनहार्टने १९२८च्या आगीत दोन बोटं जायबंदी होऊनही पॅरिस गाजवलं होतं. या गोष्टी ऐकायला छान वाटतात. पण मला त्यात दुसरंच दिसतं. आयोमीने बोटांना टोप्या केल्या म्हणजे वाद्य होतं तसंच ठेवून हात बदलला. दादाच्या आखडलेल्या सांध्याला टोपी घालता येत नव्हती. तिथे वाद्यच बदलायला हवं होतं.

आपल्याकडे वाद्य बदलून घेण्याची परंपरा आहे आणि तिचं माहेर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांनी, शस्त्रांचं काम कमी झाल्यावर सतारी-तानपुऱ्यांकडे हात वळवला. त्यात फरीदसाहेबांचं नाव आदराने घेतलं जातं. पंढरपूर भागातला भोपळा, तुणीचं लाकूड आणि कित्येक पिढ्यांचा हात यातून मिरजेचा तानपुरा उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मी मिरज गाठली. गिटारची नेक हे आपलं काम नव्हे, असं तिथल्या एका वयस्क कारागिराने स्वच्छ सांगितलं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, कानाने ऐकून पुढेमागे सरकवता येतात. गिटारचे पडदे एकदा ठोकले की ठोकले, तिथे कान नाही, गणित लागतं. पण एक गोष्ट त्यांनी बजावली. लाकूड नवं घेऊ नका, मुरलेलं घ्या. जे वाकायचं ते आधीच वाकून झालेलं असतं.

मुरलेलं लाकूड म्हटल्यावर मी परत आपल्याच गावाकडे आलो. कल्याण आणि लाकूड यांचं नातं दोन हजार वर्षांचं आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख 'कॅलिएना' असा येतो. पश्चिम भारतातून इराणच्या आखातात साग, शिसव आणि आबनूस जात असल्याचीही नोंद त्यात आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं की कल्याणहून तांबं, कापड आणि 'सिसम' लाकडाचे ओंडके बाहेर जातात. अभ्यासक हे लाकूड शिसवाच्या कुळातलं मानतात. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली ती याच खाडीच्या काठी, आणि त्यामागेही इथला साग होता.

योगायोग असा की जगातल्या असंख्य गिटारींच्या दांडीवर पडदे ठोकण्यासाठी जी काळपट पट्टी लावतात, ती आपल्या शिसवाची असते. पूर्वी ब्राझीलचा शिसव वापरत. तो दुर्मीळ झाल्यावर, साठच्या दशकापासून भारतीय शिसव पुढे आला. १९९२ साली ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. २०१७ साली शिसवाच्या साऱ्या जातींवर परवान्याचं बंधन आलं, इतकं की वादकाला आपली गिटार विकायला परदेशी पाठवताना कागदपत्रं जोडावी लागू लागली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे कॉस्मसने ज्याची नोंद केली तो व्यापार दीड हजार वर्षांनंतरही संपलेला नाही, फक्त ओंडक्यांच्या जागी पट्ट्या आल्या.

दादाची नेक अखेर डोंबिवलीतच झाली. पाडलेल्या जुन्या चाळीतलं सागवान विकणाऱ्याकडून चौकटीचा एक तुकडा घेतला, साठ-सत्तर वर्षं उन्हापावसात मुरलेला. पेट्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री तयार झाला. त्याने तुकडा उभा चिरला, एक भाग उलटा फिरवून दोन्ही चिकटवले, म्हणजे वाकायचं झालंच तर एकाने दुसऱ्याला आवरावं. पोटात सळई बसवली, वर शिसवाची पट्टी.

पडद्यांचं गणित मी केलं. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो गॅलिली यांनी १५८१ साली एक सोपा नियम सांगितला होता, तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा ठोकायचा. आज तोच आकडा अधिक काटेकोर करून १७.८१७ धरतात. दादाच्या गिटारची तार ६४८ मिलिमीटरची. पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४वर. दांडीचं बूड गिटारच्या खाचेत घट्ट बसणं महत्त्वाचं. बाजारातल्या नेकचं बूड साधारण छप्पन्न मिलिमीटर रुंद असतं. दादाची गिटार जुनी, देशी बनावटीची, तिची खाच जरा अरुंद निघाली. आयती नेक आणली असती तर ती तासावीच लागली असती.

शेवटचं काम जाडीचं. मिस्त्रीने दांडी मुद्दाम जास्त जाड ठेवली होती. दादाला समोर बसवलं, दांडी हातात दिली. ''काका, धरून बघा.'' दादा धरायचा, मान हलवायचा, मिस्त्री कानस फिरवायचा, पुन्हा द्यायचा. असं दहा-बारा वेळा झालं. दादा ''बस'' म्हणाला तेव्हा मी मापून पाहिलं, साडेपंचवीस मिलिमीटर. मोजपट्टीचं काम मुठीनेच केलं होतं.

आता रोज संध्याकाळी तासभर गिटार वाजते. जुना वेग नाही, तो अपेक्षितही नाही. पण मला वाटतं, वागळे इस्टेट आणि डोंबिवलीच्या कारखान्यांनी या भागाला पोटापाण्याला लावलं, त्याबरोबर अनेक हातांचं काहीतरी ठेवूनही घेतलं. कुणाची पेटी, कुणाचा तबला, कुणाचं भरतकाम. अशा हातांना बाजारात माप नसतं. ते घ्यायला समोर बसणारा माणूस लागतो, हातात कानस घेऊन, आणि पुन्हा पुन्हा ''धरून बघा'' म्हणणारा. असे मिस्त्री अजून आपल्या गल्ल्यांत आहेत. त्यांना काम मिळत राहिलं पाहिजे, एवढंच.