व्यापाराचे आलेख आणि वगळलेली मिती : प्लेफेअर ते डॅशबोर्ड

प्रस्तावना

विक्रीची आकडेवारी स्वभावतःच बहुमितीय असते. कोणता माल, कोठे, केव्हा, कोणाला, किती आणि कोणत्या भावाने विकला गेला, यांतील प्रत्येक प्रश्न म्हणजे एक स्वतंत्र मिती होय. कागद किंवा संगणकाचा पडदा मात्र दोनच मितींचा असतो. त्यामुळे आलेख काढणाऱ्याला रंग, जाडी, क्षेत्रफळ यांच्या आधाराने आणखी एक-दोन मिती बसवाव्या लागतात आणि उरलेल्या सोडून द्याव्या लागतात. हा विषय आज वाणिज्य आणि संगणकशास्त्र या विभागांच्या कक्षेतील समजला जातो. वस्तुतः त्याला सुमारे दोनशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासातील दोन महत्त्वाची चित्रे हिंदुस्थानच्या व्यापाराशी संबंधित आहेत. या चित्रांनी काय दाखविले आणि कोणती मिती बाहेर ठेवली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्लेफेअरचा पौर्वात्य व्यापाराचा आलेख

विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) हा स्कॉटलंडमधील कारागीर वृत्तीचा गृहस्थ. काही काळ तो जेम्स वॉटच्या कारखान्यात आराखडे काढण्याचे काम करीत होता. यंत्राचा आराखडा काढणाऱ्या या हाताने १७८६ मध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अॅटलास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ४४ आलेख आहेत. नाव अॅटलास असले तरी बहुतेक पानांवर इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेषा आहेत. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर पौंड, एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची आणि दोहोंमधील रंगविलेली जागा म्हणजे व्यापाराची शिल्लक. शिल्लक इंग्लंडच्या बाजूची की विरुद्ध, हे वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळावे अशी ही योजना होती. कोष्टकांच्या पानांतून जे ध्यानात राहत नाही ते आकाराच्या रूपाने ध्यानात राहते, असा त्याचा दावा होता. आणि तो खरा ठरला.

या ग्रंथातील एक आलेख १७०० ते १७८० या काळातील पौर्वात्य देशांशी, म्हणजे मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीमार्फत होणाऱ्या व्यापाराचा आहे. त्यात आयातीची रेषा निर्यातीच्या वर राहते. केवळ हा आलेख पाहणारा वाचक काय समजेल? इंग्लंड पूर्वेकडून माल घेते जास्त, देते कमी; अर्थात हा व्यवहार इंग्लंडला तोट्याचा आहे.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. १७६५ मध्ये कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळाली. त्यानंतर बंगालच्या जमीनमहसुलाचा मोठा भाग इंग्लंडला पाठवावयाच्या मालाच्या खरेदीसाठी वापरला जाऊ लागला. पूर्वी माल घेण्यासाठी चांदी आणावी लागे. आता बंगालचा माल बंगालच्याच पैशाने विकत घेतला जात होता. म्हणजे आलेखात जी जागा इंग्लंडच्या विरुद्ध गेलेली शिल्लक म्हणून दिसते, तिचा उत्तरार्ध हिंदुस्थानातून मोबदल्याविना गेलेल्या संपत्तीचा आकार आहे. रेषा चुकीच्या नाहीत. किंमत कोणी चुकविली, ही मिती मात्र त्यांत नाही. शिवाय इंग्लंडच्या जकात खात्यातील मूल्ये शतकाच्या आरंभी ठरविलेल्या ‘अधिकृत’ दरांनी मांडली जात. बाजारभाव बदलले तरी ते दर बहुतांशी तेच राहत. म्हणजे भाव ही मितीही या आकड्यांत पुरतेपणी नव्हतीच.

हीच शिल्लक उलट बाजूने वाचण्याचे काम पुढे दादाभाई नौरोजी यांनी केले. निर्यात आयातीपेक्षा अधिक असूनही देश दरिद्री का होतो, हा त्यांचा प्रश्न होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक राहिलेल्या दादाभाईंचे मुख्य साधन मात्र आलेख नव्हे, तर आकड्यांची कोष्टके होती. १९०१ चा त्यांचा ग्रंथ त्यांनी भरलेला आहे.

दोनाहून अधिक मिती एकत्र बसविण्याचा प्रयत्न प्लेफेअरने १८०१ च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’त केला. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे देशाचा विस्तार, डावीकडील उभी रेषा लोकसंख्या, उजवीकडील महसूल, आणि रंगावरून सत्ता सागरी की भूप्रदेशीय हे कळावे. या ग्रंथाला हिंदुस्थानातील सत्ताधीशांसंबंधीची पुरवणीही जोडलेली आहे. टिपू पडून दोनच वर्षे झाली होती आणि वसईचा तह वर्षभरावर आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पुरवणीचे वाचक कोण असतील याची कल्पना येते. दोन उभ्या रेषांची टोके जोडणारा उतार कराचा भार दाखवितो, असे प्लेफेअरला वाटे. परंतु तो उतार मधल्या वर्तुळाच्या व्यासावरही अवलंबून असतो. मिती वाढविताना असा घोळ होतोच. आजचे रंगीबेरंगी त्रिमितीय स्तंभालेख पाहताना त्याची आठवण होते.

मिनारचा कापसाचा नकाशा

शार्ल जोसेफ मिनार (१७८१–१८७०) हा फ्रेंच स्थापत्य अभियंता नेपोलियनच्या रशियावरील स्वारीच्या चित्रासाठी प्रसिद्ध आहे. परंतु व्यापाराच्या दृष्टीने त्याचे कापसाचे नकाशे अधिक बोलके आहेत. युरोपात १८५८, १८६४ आणि १८६५ मध्ये आलेला कच्चा कापूस त्याने शेजारी-शेजारी मांडलेल्या नकाशांवर दाखविला. पट्ट्याची जाडी म्हणजे मालाचे प्रमाण, रंग म्हणजे उगमदेश, मार्ग म्हणजे भूगोल आणि वेगवेगळे नकाशे म्हणजे काळ. चार मिती एका कागदावर! १८५८ मध्ये अमेरिकेचा पट्टा रुंद आणि हिंदुस्थानचा अरुंद आहे. १८६४ मध्ये अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हे दृश्य पालटलेले दिसते.

हा रुंद झालेला पट्टा म्हणजेच मुंबईची ती सुप्रसिद्ध तेजी होय. बॅकबे भरणीचे शेअर, प्रेमचंद रायचंद यांचे व्यवहार आणि १८६५ मधील कोसळणे यांची हकीकत दिनशा वाच्छा यांनी पुढे लिहून ठेवली आहे. मिनारचा पट्टा मात्र समुद्रावरच वाहतो. खानदेश-वऱ्हाडातून बैलगाड्यांनी आणि रेल्वेने बंदरावर येणारा माल त्यात नाही. शेतकऱ्याच्या पदरात पडलेला भाव नाही आणि त्या भावाच्या भरवशावर सावकाराने दिलेले कर्जही नाही. युद्ध संपल्यावर भाव घसरले, पतपुरवठा आखडला. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांचे कारण केवळ कापूस होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. सुप्याच्या परिसराला कापसाचा मुलूख म्हणता येणार नाही, आणि महसुलाच्या फेरआकारणीचा वाटा मोठा होता. तथापि तेजीच्या काळात सैल झालेली पत आणि नंतर तिला बसलेला आवळ हा या घटनांचा एक दुवा होता, हे मान्य करावे लागते. मिनारला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आयातीचा नकाशा काढला होता, कर्जाचा नव्हे.

घन आणि डॅशबोर्ड

विसाव्या शतकाच्या अखेरीस आकडे साठविण्याची पद्धतच बदलली. १९९३ मध्ये ई. एफ. कॉड यांनी बहुमितीय विश्लेषणाला ‘ऑनलाइन अॅनालिटिकल प्रोसेसिंग’ हे नाव रूढ केले. काळ, वस्तू, प्रदेश अशा बाजू असलेला आकड्यांचा ‘घन’ कल्पावयाचा. त्याचा हवा तो काप घ्यावयाचा, वर्षावरून महिन्यावर, राज्यावरून तालुक्यावर उतरावयाचे. एक्सेलमधील पिव्होट टेबलने हीच सोय सामान्य कारकुनाच्या हाती दिली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून २००३ मध्ये टॅब्लो ही कंपनी निघाली आणि आलेख ओढून-सोडून तयार होऊ लागले. ज्या पडद्यावर असे अनेक आलेख एकत्र मांडतात त्याला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द मुळात घोडागाडीच्या पुढील फळीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून ती लावीत.

मिती वाढल्या म्हणून वगळणे थांबलेले नाही. फरक असा की, पूर्वी ते आलेख काढणारा करी; आता ते घनाची रचना ठरते त्या दिवशीच होऊन जाते. खताच्या वा बियाण्याच्या विक्रीच्या घनात तालुका आणि महिना असतो, परंतु माल रोखीने गेला की उधारीवर, हे नोंदविण्याचा रकानाच ठेवला नसेल, तर पडद्यावर कितीही काप घेतले तरी ती उधारी दिसणार नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत अलीकडे सुबक आलेख असतात. कोणते रकाने सोडले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. प्लेफेअरच्या ग्रंथात एकच स्तंभालेख आहे, स्कॉटलंडच्या व्यापाराचा. त्याच्या हाती एकाच वर्षाचे आकडे होते. त्या आलेखात काळ ही मिती नाही आणि म्हणून तो इतरांहून कमी उपयोगाचा आहे, असे त्याने तेथेच नमूद करून ठेवले आहे.