साँतोमेरच्या छपरावरील सळई

वैशाखाच्या अखेरीस दुपार कलली की आभाळ भरून येते, वळिवाची सर कोसळते आणि वडीलधारी माणसे मुलांना ओसरीवरून आत बोलावतात. पूर्वी पायाळू माणसाला अगदी माजघरात बसवीत. वीज त्याच्यावरच पडते अशी समजूत होती. समजूत निराधार खरी, पण माजघराची निवड चुकीची नव्हती!

युरोपातील समजूत अधिक महागात पडली. मेघगर्जना सुरू झाली की तेथे देवळांच्या उंच मनोऱ्यांतून घंटा वाजवीत. 1784 साली म्यूनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात 33 वर्षांत 386 मनोऱ्यांवर वीज पडून 103 घंटावादक मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे.

वास्तविक 1752 सालीच फ्रँकलिनच्या सूचनेनुसार पॅरिसजवळ उभारलेल्या सळईने ढगांतील विद्युत सिद्ध केली होती. तरीही घरावर तडितरक्षक बसविणे म्हणजे शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेणेच होते. उत्तर फ्रान्समधील साँतोमेर गावी विसेरी नावाच्या वृद्ध वकिलाने 1780 साली आपल्या घरावर अशी सळई उभारली. तिच्या टोकाला तलवारीचे पाते होते. ही सळई वीज आपल्या दारी आणील म्हणून शेजारी अर्ज घेऊन धावले आणि नगराधिकाऱ्यांनी ती उतरविण्याचा हुकूम दिला. म्हातारा मोठा वस्ताद! त्याने पाते काढून आखूड टोक बसविले, बाकीचा सांगाडा तसाच ठेवला आणि वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. आरास येथे त्याची बाजू मांडली ती पंचविशीतील एका वकिलाने. त्याचे नाव रोबेस्पिएर. पुढे राज्यक्रांतीत गाजलेला तोच हा. 31 मे 1783 रोजी निकाल विसेरीच्या बाजूने लागला.

शेजाऱ्यांना हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1753 साली सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान हा शास्त्रज्ञ घरातच विजेने मेला. प्रयोगासाठी छपरावरून आत आणलेल्या त्याच्या सळईचा जमिनीशी संबंधच जोडलेला नव्हता. तडितरक्षक दूरची वीज ओढून आणीत नाही आणि पडणारी थोपवीतही नाही. तो तिला जमिनीत जाण्यास सुकर वाट देतो. ती वाट मध्येच तुटली, तर वीज भिंतीतून वा माणसातून स्वतःची वाट काढते. म्हणून पावसाळ्यापूर्वी सळईचे टोक पाहण्यापेक्षा तिचे सांधे आणि जमिनीतील जोड तपासून घ्यावेत.

सळई असली तरी घरातील नळ, विजेच्या तारा, तारेचा दूरध्वनी यांपासून गडगडाट चालू असेतो दूर राहावे. स्नान, भांडी घासणे पुढे ढकलावे. उपकरणांच्या खुंट्या वादळ येण्याआधीच काढाव्यात, ऐनवेळी हात लावू नये. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे अंतर तीस सेकंदांहून कमी भरले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेतातल्या माणसाने झाडाखाली न थांबता पक्के घर वा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथून हलू नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन आता आगाऊ सूचनाही देते.

वीज पडलेल्या माणसाला शिवू नये, हा समज मात्र अजून गावोगाव आढळतो. त्याच्या देहात वीज उरलेली नसते. श्वास आणि नाडी थांबली असेल, तर त्याच क्षणी छाती दाबण्यास आरंभ करावा आणि दुसऱ्याने डॉक्टरांकडे धाव घ्यावी.